देवीची लस, छातीतली कळ आणि आठ मेचं लग्न

पत्र (थोडक्यात): माझा मुलगा २८ वर्षांचा आहे. अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करतो. नव्या प्रोजेक्टसाठी त्याला देवीची लस घ्यायला सांगितलंय, २० एप्रिल तारीख दिली आहे. एकच डोस, दंडावर पंधरा टोचे म्हणे. २ मेला तो नागपूरला येतोय, ८ मेला धाकट्या बहिणीचं लग्न आहे. या लसीने हृदयाला सूज येऊ शकते असं तो फोनवर सहज बोलून गेला आणि माझी झोप उडाली. यांना ४७व्या वर्षी ॲटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली आहे. मुलाचं कोलेस्टेरॉल गेल्या वर्षी जास्त निघालं होतं. सिगारेट ओढतो असं धाकटी सांगते, तो नाही म्हणतो. मी म्हणते लस घेऊच नको, पण पोट्टा ऐकून नाही राहिला. तो घरी आल्यावर यांच्या हृदयाला काही होईल का? माझ्याही दंडावर लहानपणच्या देवीचे दोन वण आहेत आणि सहा महिन्यांपासून मधूनच धडधड होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का? – एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई,

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पंधरा टोचे. अमेरिकेत देवीविरुद्ध सध्या दोन लसी दिल्या जातात. दुभागलेल्या टोकाची सुई लसीत बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचतात ती एकॅम २०००. दुसरी जिनिऑस. ती साध्या इंजेक्शनसारखी दंडाच्या मागच्या बाजूला कातडीखाली देतात, अर्धा मिलिलिटर, चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. हृदयाच्या सुजेची जी गोष्ट मुलाने तुम्हाला सांगितली ती मुख्यतः पहिलीची आहे. तेव्हा ‘लस घेऊच नको’ हा हट्ट सोडा आणि ‘एकॅम नको, जिनिऑस घे’ असा हट्ट धरा. तुमच्या घरची माहिती वाचल्यावर आमचं मत स्पष्ट आहे: या मुलाने एकॅम घेऊ नये.

त्याला लस का लागते आहे ते आधी पाहू. देवीचा रोग जगातून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८०च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पण देवीच्या लसीत जो जिवंत विषाणू असतो, व्हॅक्सिनिया, तो आजही संशोधनात वापरतात. त्यात हवं ते जनुक बसवता येतं, म्हणून कॅन्सरपासून नव्या लसींपर्यंत अनेक कामांत तो लागतो. काम करताना सुई बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर संसर्ग होतो, म्हणून अशा कामगारांना लस सुचवतात. मात्र त्याचा विषाणू ‘एमव्हीए’सारखा अतिशय दुबळा केलेला वाण असेल, तर त्यासाठी लसीची गरज मानली जात नाही. हा प्रश्न त्याने आपल्या प्रोफेसरला विचारायला हरकत नाही. कधी कधी आरोग्य विभागाचा फॉर्म सगळ्यांना सरसकट जातो.

आता हृदयाचं. एकॅममधला विषाणू जिवंत आहे आणि दंडावर वाढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुटकुळी, मग पाण्याचा फोड, आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास पू भरलेला फोड, मग खपली. ती साधारण चौदाव्या ते एकविसाव्या दिवशी पडते आणि तुमच्या दंडावर आहे तसा वण मागे राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती या विषाणूवर तुटून पडते तो काळ दुसऱ्या आठवड्याचा. ताप, अंगदुखी, काखेत गाठ, हे सगळं त्याच दिवसांत येतं. हृदयाच्या स्नायूला किंवा त्यावरच्या आवरणाला सूज येते तीही याच दिवसांत. बहुतेक तज्ज्ञांच्या मते विषाणू हृदयात घर करतो असं नाही. चेतवलेली प्रतिकारशक्तीच तिथे दाह करते.

हे ठळकपणे लक्षात आलं २००३ साली. जैविक हल्ल्याच्या धास्तीने अमेरिकेने डिसेंबर २००२पासून सैनिकांना आणि जानेवारी २००३पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना एकॅमच्या आधीची लस टोचायला सुरुवात केली होती. पहिल्या काही महिन्यांत, आयुष्यात पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्या २,३०,७३४ सैनिकांपैकी १८ जणांना हृदयाची सूज आली, आणि सगळ्यांना टोचल्यापासून ७ ते १९ दिवसांच्या दरम्यान. लहानपणी लस मिळालेले ९५,६२२ सैनिकही त्याच मोहिमेत होते, त्यांच्यात एकही नाही. तुमचा मुलगा अर्थातच पहिल्या गटातला. त्याच्या पिढीला भारतात ही लस मिळालेलीच नाही.

ही संख्या फार लहान वाटते, पण एकॅमच्या चाचण्यांत पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत हेच प्रमाण हजारी ५.७ निघालं, म्हणजे १७५ जणांत एक. इतका फरक पडला तो शोधण्याच्या पद्धतीमुळे. सैनिकांत जो तक्रार घेऊन आला तोच मोजला गेला. चाचण्यांत सगळ्यांचा ईसीजी आणि रक्ततपासणी ठरवून झाली, तेव्हा काही त्रास न जाणवलेलेही सापडले. मुलगा तुम्हाला लाखात सात-आठ असं सांगत असेल तर तो खोटं बोलत नाही, जुना हिशेब वाचून सांगतोय. त्याला १७५ हा आकडा सांगा.

त्याच मोहिमेत काहींना हार्ट ॲटॅकही आले. ते लसीमुळेच आले असं सिद्ध झालं नाही. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये काही आठवड्यांत साठ लाखांवर लोकांना टोचलं होतं. त्या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी पुढे तपासल्या, तर हृदयविकाराने जाणाऱ्यांत वाढ दिसली नाही. तरीही मार्च २००३मध्ये अमेरिकेने नियम घातला आणि तो आजही एकॅमला लागू आहे: हृदयविकार असलेल्याने ही लस घ्यायची नाही, आणि पुढच्या पाचांपैकी तीन गोष्टी ज्याला लागू पडतात त्यानेही नाही. डॉक्टरने सांगितलेलं हाय बीपी. वाढलेलं कोलेस्टेरॉल. मधुमेह किंवा वाढलेली साखर. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला पन्नाशीच्या आत हृदयविकार. आणि सध्या सिगारेट ओढणं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. वडिलांना ४७व्या वर्षी ॲटॅक, हे एक. कोलेस्टेरॉल, दोन. तिसरं धाकटीला माहीत आहे. फॉर्मवर तो ‘सिगारेट नाही’ अशी खूण करणार असेल तर दोनच गोष्टी उरतात आणि लस टोचली जाते. ‘पार्टीत एखादी’ हीदेखील ओढणंच धरायचं. त्याच्याशी बोलताना व्यसनाचं कीर्तन नको, नाहीतर तो फोन ठेवेल. एवढंच म्हणा की घरी काय सांगायचं ते सांग, पण त्या फॉर्मवर खरं लिही. ही गोष्ट तुमच्यापेक्षा धाकटीने बोललेली बरी.

जिनिऑसचा विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही. त्यामुळे फोड नाही, खपली नाही, दुसऱ्याला लागण नाही. हृदयाच्या बाबतीत ती अगदी कोरी आहे असं मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी देवीची लस न घेतलेल्या ७,०९३ जणांच्या चाचण्यांत ९५ जणांच्या हृदयाबाबत काही ना काही नोंद झाली. त्यात तक्रार काहीच नाही, पण रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) किंचित वाढलेलं, असेही बरेच होते. लसीशी संबंध असू शकेल अशा नोंदींपैकी एकही गंभीर नव्हती. पन्नाशीआधी वडिलांना ॲटॅक आलेला असताना या दोघींत निवड करायला फार विचार लागू नये.

मुलगा म्हणेल, दोन डोस म्हणजे उशीर. हिशेब करून दाखवा. २० एप्रिलला एकॅम घेतली तर पूर्ण संरक्षण अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे १८ मेला धरतात. त्याच दिवशी जिनिऑसचा पहिला डोस घेतला तर दुसरा १८ मेला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, १ जूनच्या सुमारास पूर्ण संरक्षण. फरक दोन आठवड्यांचा. तेवढे दिवस जिवंत विषाणूचं काम दुसऱ्याने करावं. दुसरा डोस ठरल्या तारखेनंतर आठवडाभरात घेतला तरी चालतो, आणि त्याहून लांबला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक पथ्य: मध्ये कोविडची एमआरएनए लस घ्यायची असेल तर चार आठवड्यांचं अंतर ठेवावं. त्या लसीनेही तरुण मुलांत क्वचित अशीच सूज येते.

एवढं करूनही त्याने एकॅमच घेतली, किंवा हे छापून येईपर्यंत घेऊन झाली असेल, तर दिनदर्शिका समोर ठेवा. टोचल्याचा दिवस शून्य धरला तर सातवा दिवस २७ एप्रिल आणि एकोणिसावा ९ मे. विमान बाराव्या दिवशी, लग्न अठराव्या दिवशी. धोक्याचे बरेचसे दिवस प्रवासात आणि मांडवात. अजून टोचली नसेल आणि तिकडचे लोक एकॅमवरच अडून बसले असतील, तर निदान परत जाईपर्यंत तरी ती टोचून घेऊ नये.

नागपूरचा मे यात आणखी गोंधळ घालतो. धाप, थकवा, धडधड, अंगात कणकण दिसली की आपल्याकडे पहिलं वाक्य येतं, ‘ऊन लागलं असंल’, आणि पन्ह्याचा ग्लास पुढे होतो. छातीत दुखलं तर ‘गॅस झाला’. लग्नघरात रात्रीचं जागरण, तळण आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री यांमुळे दोन्ही खरंही वाटतं. फरक ओळखायचा तो असा. लसीचा साधा ताप आणि काखेतली गाठ आठव्या ते बाराव्या दिवसांत येते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते, छातीला काही होत नाही. हृदयाच्या आवरणाची सूज असेल तर छातीच्या मधोमध टोचल्यासारखी कळ येते. ती दीर्घ श्वास घेतला की वाढते, उताणं झोपलं की वाढते, पुढे वाकून बसलं की कमी होते. रात्री मुलगा पलंगावर आडवा न होता उशी पोटाशी धरून बसलेला दिसला तर लगेच विचारा. स्नायूला सूज असेल तर छातीवर दाब, एक जिना चढून लागलेली धाप, बसल्याजागी धडधड किंवा चुकणारे ठोके. यातलं काहीही तीन आठवड्यांच्या आत झालं तर पन्हं, सोडा, मेडिकल स्टोअरची पेनकिलर यांत वेळ घालवायचा नाही. ज्या हॉस्पिटलात रात्री ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही होतं तिथे जायचं. तुम्हाला मानेवाड्याहून मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल) जवळ आहे. धंतोली-रामदासपेठेतली हृदयाची खाजगी हॉस्पिटलं आहेतच. चक्कर येऊन पडला किंवा श्वास लागला तर स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, १०८ला फोन करा.

तिथे गेल्यावर एक अडचण येणार. आजच्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने देवीची लस टोचलेला माणूस पाहिलेला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तो ईसीजी काढेल, त्याच्या आलेखातला ‘एसटी’ हा भाग बऱ्याच ठिकाणी उचललेला दिसेल, वडिलांची हिस्टरी ऐकेल आणि हार्ट ॲटॅक समजून कॅथलॅबकडे (अँजिओग्राफी करतात तिथे) निघेल. चूक त्याची नाही. म्हणून मुलाच्या पाकिटात इंग्रजीत एक चिठ्ठी असू द्या: एकॅम २०००, जिवंत व्हॅक्सिनिया लस, टोचल्याची तारीख, आयुष्यात पहिल्यांदाच, डावा की उजवा दंड, आणि शेवटी ‘मायोपेरिकार्डायटिस तपासावा’ (म्हणजे हृदयाच्या स्नायूची आणि आवरणाची सूज). सोबत त्याचा आधीचा ईसीजी असेल तर फोनमध्ये फोटो. पुष्कळ तरुण मुलांचा एसटी मुळातच थोडा वर असतो, जुना कागद असला की तुलना होते.

तपासण्या साधारण अशा होतात: ईसीजी, ट्रोपोनिन (पहिलं नॉर्मल आलं तरी काही तासांनी पुन्हा, एकावर विसंबायचं नाही), सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी). शंका उरली तर हृदयाचा एमआरआय, त्यात स्नायूची सूज दिसते. छातीचा एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, त्याने निश्चिंत होऊ नका. उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर. आवरणाच्या सुजेला दाह कमी करणाऱ्या गोळ्या देतात. स्टिरॉइडच्या बाबतीत मात्र डॉक्टरला दंडावरचा जिवंत फोड दाखवायलाच हवा, कारण त्याने विषाणूला मोकळं रान मिळू शकतं. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण स्नायूला सूज निघाली तर तीन ते सहा महिने धावणं, जिम, क्रिकेट बंद. बरं वाटायला लागल्यावर पोरं हेच पाळत नाहीत, आणि सुजलेल्या स्नायूवर जोर पडला की ठोक्यांची लय बिघडू शकते. मग लग्नातलं नाचणंही गेलं. कानपिळी बसून करता येते.

तुमच्या यजमानांबद्दल विचारलंत. घरात हृदयरोगी आहे म्हणून मुलाला एकॅम घ्यायला मनाई नसते, आणि मुलाच्या जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने यांच्या हृदयाला काही होत नाही. संसर्ग होतो तो फोडाला किंवा त्याच्या पट्टीला, टॉवेलला हात लागून. खरी काळजी पाहुण्यांतल्या दुसऱ्या माणसांची: वर्षाच्या आतलं बाळ, गरोदर बाई, अंगावर इसब असलेलं किंवा लहानपणी होऊन गेलेलं कोणीही, केमोथेरपी घेणारं किंवा किडनी बदललेलं कोणी. इसबवाल्याच्या अंगभर हा विषाणू पसरून जिवावर बेतू शकतं. अशी माणसं लग्नघरात मुक्कामाला असतील तर खपली पडेपर्यंत मुलाने वेगळीकडे राहावं. खपलीवर गॉज, वरून सैल पट्टी, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. पट्टी घामाने भिजली की बदलायची, आणि मेमध्ये ती दिवसातून दोनदा भिजेल. काढलेली पट्टी आणि पडलेली खपली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फेकायची, हात साबणाने धुवायचे, त्याचे टॉवेल-शर्ट वेगळे, गरम पाण्यात. आणि हळदीच्या दिवशी कोणी मावशी प्रेमाने त्या जखमेवर हळद दाबायला येईल, तिला आधीच सांगून ठेवा. मलम नाही, हळद नाही, खोबरेल नाही.

जिनिऑस घेतली तर हा अख्खा परिच्छेद तुम्हाला लागूच नाही. मुलाला पटवायला हेही कामाला येईल.

राहिली तुमची धडधड. दंडावरच्या दोन वणांचा तिच्याशी संबंध नाही. या लसीचा हृदयावरचा त्रास काही आठवड्यांत दिसतो, पन्नास-साठ वर्षं दडून बसत नाही. पण सहा महिन्यांपासून होतंय तर लग्नानंतर बघू म्हणू नका. ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि बीपी, एवढं एका सकाळी होतं. धडधड सुरू असताना मनगटावर बोटं ठेवून बघा: ठोके जलद पण एका लयीत आहेत की आडवेतिडवे पडताहेत, किती मिनिटं टिकतात, चहानंतर येतात की झोपेतून उठवतात. हे कागदावर लिहून डॉक्टरला दाखवा. लय आडवीतिडवी असेल आणि ईसीजी नेमका त्या वेळी नॉर्मल आला, तर चोवीस तासांचा होल्टर (ठोके सतत नोंदणारं छोटं यंत्र) लावायला सांगा. धडधडीसोबत डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी जा, घरात पत्रिका वाटायच्या राहिल्या असल्या तरी.